कोपराची कैफियत

आमच्या भाषेने मानवी देहाच्या प्रत्येक अवयवास काही ना काही वाक्प्रचार इनाम म्हणून लिहून दिलेले आहेत, आणि त्यांत हातास, नाकास व पोटास मिळालेली जहागीर एवढी विस्तीर्ण आहे की तिची पैमाइश करावयाची तर एखाद्या कोशकाराचे उभे आयुष्य खर्ची पडावे; परंतु बिचाऱ्या कोपराच्या वाट्यास या वाटपात मुख्यतः दोनच तुकडे आले. एक कोपरास लावलेला गूळ आणि दुसरा कोपरापासून केलेला नमस्कार. जी वस्तू डोळ्यांस दिसते, नाकास जाणवते, परंतु जिभेस जन्मात लागत नाही, तिचे आमिष हा पहिल्याचा अर्थ. आणि 'झाली एवढी ओळख पुरे' हा दुसऱ्याचा. गोल्फ नावाच्या विलायती खेळाशी माझा संबंध वयाच्या बासष्टाव्या वर्षी येईपर्यंत, हे दोन्ही वाक्प्रचार एकाच व्यवहाराचा पूर्वार्ध आणि उत्तरार्ध असू शकतात, अशी मला शंकादेखील आली नव्हती.

तो संबंध कसा आला, हे सांगण्यापूर्वी माझी स्वतःची थोडी कैफियत दाखल करणे अवश्य आहे. १ मे १९८१ रोजी औरंगाबाद आणि परभणी या दोन जिल्ह्यांच्या हद्दी कातरून आमचा जालना जिल्हा जन्मास आला, त्याच वर्षी मी महसूल खात्यात कारकून म्हणून रुजू झालो आणि जिल्ह्याच्या वयाबरोबर वाढत वाढत अव्वल कारकुनाच्या खुर्चीवरून सेवानिवृत्त झालो. आमच्या मुलखाचे दप्तर मूळचे निजामी; त्यामुळे ताकीद, तामील, नजीर, फेरफार हे शब्द माझ्या जिभेवर इतके बसलेले आहेत की घरात भाजीत मीठ कमी पडले तरी मी 'तफावत आढळली' असे म्हणतो, आणि पत्नी ती तफावत दुरुस्त न करता निकाली काढते. अशा माणसाने निवृत्तीनंतर भोकरदन तालुक्यातील वडिलोपार्जित शेतावर जाऊन राहावे, सकाळी ज्वारीच्या पिकाकडे व सायंकाळी केळणा नदीच्या कोरड्या पात्राकडे पाहावे, आणि कोणाच्याही अध्यातमध्यात नसावे, हेच योग्य होते.

परंतु गतवर्षी संक्रांतीच्या सुमारास माझा पुतण्या हुरडा खावयास म्हणून पुण्याहून आला, तो खांद्यावर एक लांबट पिशवी टाकून. पिशवीच्या तोंडातून पोलादी दांड्यांची टोके बाहेर आलेली पाहताच, जालना हे लोखंडी सळयांच्या कारखान्यांचे गाव असल्यामुळे, आमच्या शेजाऱ्याने साहजिकच विचारले, "सळया आणल्या का दादा? आठ एमेमच्या हायेत की दहाच्या?" पुतण्याने त्या बांधकामाच्या नसून खेळावयाच्या आहेत आणि नियमाप्रमाणे एका वेळी चौदांहून अधिक जवळ बाळगता येत नाहीत, असे सांगितल्यावर शेजाऱ्याच्या मुद्रेवर जो भाव उमटला, तो परवान्याशिवाय हत्यार बाळगणाऱ्याकडे पाहताना आमच्या पोलिसपाटलाच्या मुद्रेवर उमटत असे. मग पिशवीतून चेंडू निघाला. १९६४ साली बद्रीनारायण बारवाले यांनी जालन्यात 'महिको' स्थापन केल्यापासून बियाण्यांच्या धंद्यात आमच्या गावाने असे नाव काढले आहे की, कोणतीही वाटोळी आणि महागडी वस्तू दिसली असता तिचा वाण विचारणे हा आमच्याकडील शिष्टाचारच होऊन बसला आहे. चेंडूवरच्या शेकडो बारीक खळग्यांवरून बोट फिरवीत शेजारी म्हणाला, "साल चांगली जाड हाय. एकरी किती लागतं?"

पुतण्या येरवड्याच्या मैदानावर शिकलेला. येरवड्यात मध्यवर्ती कारागृह, मनोरुग्णालय आणि गोल्फचे मैदान ही तिन्ही स्थळे एकमेकांच्या शेजाराने नांदतात, आणि यांतील सान्निध्य केवळ योगायोगाचे आहे असे मी त्या दिवसापर्यंत समजत होतो. त्याने एका काढणी झालेल्या तुकड्यात मला उभे केले, हातांत काठी दिली आणि म्हणाला, "काका, चेंडूकडे सध्या लक्षच देऊ नका. आधी हात मागे न्यायला शिका. बॅकस्विंग जमला की सगळं जमलं."

सामान्य जनांची समजूत अशी असते की गोल्फ म्हणजे चेंडूस मारणे. वस्तुतः, ज्याप्रमाणे सरकारी कामात निर्णय हा क्षुल्लक असून त्याच्या आधीची टिपणी हीच सर्वस्व असते, त्याप्रमाणे या खेळात चेंडूस मारणे हा एक गौण शेवट असून, काठी मागे नेणे हेच खरे शास्त्र आहे. त्यास वेळ किती लागतो म्हणाल, तर सुमारे पाऊण सेकंद. आणि तीच काठी खाली आणण्यास त्याच्या एक तृतीयांश. या पाऊण सेकंदात देहाच्या निरनिराळ्या खात्यांवर जे हुकूम बजावावयाचे असतात, ते मी पुतण्याच्या तोंडून एकामागून एक ऐकत गेलो, तेव्हा जमाबंदीच्या दिवसांतील आमची कचेरी मला विश्रांतिस्थान वाटू लागली.

पहिला हुकूम डाव्या हातास. त्याने खांद्यापासून मनगटापर्यंत ताठ राहावे. कारण तो वर्तुळाची त्रिज्या असून, त्रिज्याच वाटेत आखडली तर काठीचे टोक निघाल्या जागी परत येईल याची हमी कोणी द्यावयाची? दुसरा हुकूम दोन्ही हातांस मिळून. त्यांनी केवळ वर जावे, मागे जाऊ नये. मागे जाणे हा धडाचा अधिकार असून, खांदे वळले म्हणजे हात आपोआप मागे गेलेले दिसतात, तेव्हा हातांनी धडाच्या हद्दीत ढवळाढवळ करण्याचे कारण नाही. येथपर्यंत मला सर्व समजले, कारण हद्दीचा वाद मला कोणी शिकवावयास नको होता. परंतु तिसऱ्या हुकुमापाशी माझी बुद्धी थबकली. कोपराच्या खाली आपल्या प्रत्येक हातात दोन हाडे असतात. तळहात उताणा असला की ती दोन सख्ख्या भावांप्रमाणे शेजारी शेजारी सरळ राहतात, आणि तळहात पालथा केला की अंगठ्याकडील भाऊ दुसऱ्याच्या अंगावरून ओलांडून बांध कोरतो. बॅकस्विंगमध्ये डाव्या हाताने हळूहळू पालथे होत जावयाचे आणि उजव्याने त्याच वेळी, त्याच गतीने, उताणे. पालथेपणा कमी पडला तर काठीचे तोंड मिटलेले राहते; अधिक झाला तर काठी पाठीमागे आडवी लोळते, तोंड उघडे पडते, आणि चेंडू उजवीकडच्या शेजाऱ्याच्या तुरीत जातो. एक हात पालथा म्हणजे देणाऱ्याचा, दुसरा उताणा म्हणजे घेणाऱ्याचा. ही दोन्ही कामे एकाच माणसाने एकाच क्षणी करावयाची ही कला मी नोकरीत पुष्कळ जवळून पाहिली होती, परंतु त्या वेळी ती टेबलाखाली चालत असल्यामुळे कोपराची स्थिती नीट न्याहाळता आली नव्हती.

आणि कोपर! खरी फिर्याद त्याच्याच नावाची आहे. उजवे कोपर दुमडावे, परंतु अंगापासून फार दूर जाऊ नये आणि अंगास चिकटून गुदमरूही नये. त्याचे टोक जमिनीकडे राहावे. आणि सर्वोच्च बिंदूस उजवा तळहात असा उताणा असावा की, बसस्थानकावरील हॉटेलातला पोऱ्या सहा कपांचा ट्रे ज्या रीतीने खांद्याशी पेलून गर्दीतून निघतो, तोच थाट दिसावा. मी प्रयत्न केला. पुतण्या म्हणाला, "काका, ट्रे सांडला." पुन्हा केला. "आता ट्रे उभा धरलाय." तिसऱ्या वेळी त्याने माझे उपरणे काढून घेऊन माझ्या उजव्या काखेत कोंबले आणि ते न पडता काठी वर नेण्यास सांगितले, जुन्या काळचे शिक्षक या कामी हातरुमाल वापरीत, असेही तो म्हणाला. पुढील अर्धा तास मी काखेत उपरणे धरून, डोके खाली घालून, ढेकळांच्या शेतात वाकलेला होतो, आणि बांधावरून जाणाऱ्या एका भगिनीने घरी जाऊन माझ्या पत्नीस, "भाऊंचा खांदा उतरला वाटतं, शेकायला मीठ पाठवू का?" असे विचारले.

रात्री त्याने मला आधारग्रंथ दाखविला. बेन होगन नामक अमेरिकन खेळाडूने १९५७ साली पाच धड्यांचे एक पुस्तक लिहिले असून, त्यात खेळाडूच्या खांद्यांवर एक भलीमोठी तिरपी काच टेकविलेली आहे व काचेस पाडलेल्या भोकातून त्याचे मुंडके वर आलेले आहे, असे चित्र काढलेले आहे. काठी आणि हात वर जाताना या काचेच्या खालून गेले पाहिजेत. काच फुटता कामा नये. हा होगन सामान्य माणूस नव्हता. १९४९ साली मोटारीच्या भीषण अपघातात त्याची हाडे मोडली, आणि पुढच्याच वर्षी त्याने अमेरिकेची खुली स्पर्धा जिंकली; तेव्हा त्याचा शब्द खाली पडू देण्याची माझी प्राज्ञा नव्हती. मी ती काच मानेत अडकवून झोपलो. स्वप्नात ती तीन वेळा फुटली.

परंतु महसुली माणसाची एक खोड असते. वरिष्ठाचा हुकूम कितीही निःसंदिग्ध असला तरी त्याविरुद्ध जुनी नजीर आहे काय, हे धुंडाळल्यावाचून त्यास अन्न गोड लागत नाही. मी पुतण्याच्याच यंत्रावर धुंडाळले आणि ज्या नजिरा सापडल्या त्यांनी मी अवाक् झालो. डावा हात ताठ पाहिजे ना? ब्रिटनची खुली स्पर्धा सहा वेळा जिंकणारा हॅरी व्हार्डन, ज्याच्या नावाने काठी धरण्याची रीत आजही ओळखली जाते, त्याचा डावा हात वर जाताना खुशाल वाकत असे. १९५४ साली अमेरिकेची खुली स्पर्धा जिंकणाऱ्या एड फर्गोलचा डावा हात बालपणीच्या दुखापतीने कोपरात कायमचा वाकलेला होता. कॅल्व्हिन पीटचेही डावे कोपर लहानपणी मोडून तसेच जुळलेले; आणि हा गृहस्थ १९८१ पासून लागोपाठ दहा वर्षे अमेरिकेच्या व्यावसायिक खेळाडूंत सर्वांत सरळ फटका मारणारा ठरला! उजवे कोपर अंगाजवळ पाहिजे ना? अठरा प्रमुख स्पर्धा जिंकलेल्या जॅक निक्लॉसचे उजवे कोपर ऐन वेळी पंख पसरून बाहेर उडावयास निघे, आणि त्याबद्दल आयुष्यभर त्याच्यावर टीका होत राहिली. मी हे सर्व मुद्दे सकाळी लेखी स्वरूपात पुतण्यापुढे ठेवले. तो म्हणाला, "ते अपवाद आहेत, काका." ज्या नियमाचे सर्व अपवाद विजयी झालेले आहेत असा नियम महसूल कायद्यातही माझ्या पाहण्यात नाही.

उजव्या बाजूच्या या पंख पसरण्यावरून मला आमच्या गावाजवळची एक जुनी हकिकत आठवली. असई आमच्याच जिल्ह्यात. २३ सप्टेंबर १८०३ रोजी आर्थर वेलस्ली याने तेथे शिंदे आणि नागपूरकर भोसले यांच्या सैन्याशी लढाई दिली. वाटाडे केळणेस उतार नाही म्हणत असताना, नदीच्या दोन तीरांस समोरासमोर दोन गावे दिसतात त्या अर्थी मध्ये उतार असलाच पाहिजे, असे अनुमान करून त्याने फौज पलीकडे नेली, येथपर्यंत सर्व काचेच्या खालून चालले होते. परंतु त्याच्या उजव्या बाजूच्या टोळीचा अधिकारी हुकुमाचा अर्थ चुकून असई गावाच्या रोखाने नको तितका उजवीकडे भरकटला, आणि त्याच्या पाठोपाठ गेलेल्या चौऱ्याहत्तराव्या पलटणीची तेथील तोफांपुढे भयंकर कत्तल झाली. ही पलटण स्कॉटलंडच्या डोंगरी लोकांची, म्हणजे ज्या मुलखात गोल्फ उपजला त्याच मुलखातली. उजवे अंग शरीरापासून सुटले असता काय अनर्थ ओढवतो, याचे ज्ञान त्यांना खेळातून झाले नसेल तर आमच्या मातीत झाले. पुतण्याने ही हकिकत लक्षपूर्वक ऐकली आणि "म्हणूनच उपरणं काखेत ठेवा" एवढाच निष्कर्ष काढला.

याच स्कॉटलंडच्या राजसभेने १४५७ साली फर्मान काढून गोल्फ बंद केला होता, हेही मला त्याच रात्री कळले. कारण असे की, लोक या नादात धनुर्विद्येचा सराव सोडू लागले होते. फर्मानाची तामील झाली नाही, हे उघडच आहे. १८२९ साली हा खेळ कलकत्त्यात येऊन बसला, १८४२ साली मुंबईत. आणि तेथून आपल्या प्रांतात कोठेकोठे झिरपला. माझ्या मते त्याची सर्वांत सुखावह अवस्था नाशकात आहे, जेथे शहराच्या मध्यभागी 'गोल्फ क्लब मैदान' या नावाने सर्वांस ठाऊक असलेल्या पटांगणावर लोक पहाटे फिरतात, सभा भरवितात, प्रदर्शने मांडतात, आणि गोल्फ मात्र कोणी खेळत नाही.

हातांच्या बाबतीत मला मनापासून आपला वाटला तो मात्र ॲलन शेपर्ड. या अंतराळवीराने ६ फेब्रुवारी १९७१ रोजी चंद्रावर चेंडू मारला. पोशाख इतका जाडजूड होता की दोन्ही हात एकत्र आणणे अशक्य. सबब डाव्या हाताचा ताठपणा, दोघांचे उताणे-पालथे, हे सर्व कज्जे एका फटक्यात खारीज झाले आणि त्याने एका हातानेच काठी चालविली. पहिल्या प्रयत्नात चेंडूपेक्षा मातीच अधिक उडाली, हे वाचून मला गहिवरून आले. शेवटचा चेंडू मैलोन् मैल गेला अशी त्याने स्वतःच ग्वाही दिली. परंतु पन्नास वर्षांनी छायाचित्रांवरून कोणी साक्षेपी गृहस्थाने फेरमोजणी केली, तेव्हा अंतर अवघे चाळीस यार्ड भरले. मोजणीदार येईपर्यंत प्रत्येकाचे शेत मोठे असते.

तिसऱ्या दिवशी मी चेंडूस प्रत्यक्ष मारण्यास पात्र ठरलो. चार वेळा काठी चेंडूच्या वरून गेली. मारण्याच्या हेतूने काठी फिरविली की चेंडू जागचा न हलला तरी तो फटका हिशेबात धरावा लागतो, असा नियम आहे, आणि तो ऐकून या खेळाविषयी प्रथमच माझ्या मनात आदर उत्पन्न झाला, कारण कामाऐवजी हालचालीची नोंद ठेवण्याची ही पद्धत मला परिचयाची होती. इतका वेळ आमचा सालगडी ज्वारीच्या पिकातील माळ्यावर उभा राहून गोफण फिरवीत पाखरे राखीत होता. त्या दिवसांत आमच्याकडे भोरड्यांचे थवे उतरतात. ढगासारखे येतात, आणि क्षणभर दुर्लक्ष झाले तर कणसाच्या ठिकाणी बुरकुंडी ठेवून जातात. साठी ओलांडलेला हा गृहस्थ माळ्यावरून खाली उतरून आला आणि म्हणाला, "मालक, लई वेळ झाला पाहू राहिलो. हवा कापू राहिले का तुम्ही?"

पुतण्याने थट्टेने काठी त्याच्यापुढे केली. त्याने तळहातावर थुंकी घेतली, काठी कुऱ्हाडीसारखी उचलली, कोणाकडेही न पाहता मागे नेली आणि चेंडू असा सणसणीत हाणला की तो विहिरीवरून, बांधावरून, पलीकडच्या मोसंबीच्या बागेवरून जाऊन कोठे दिसेनासा झाला. अशा प्रसंगी एखाद्या विनोदी लेखकाने लेख संपवावा, आणि अडाणी माणसाच्या उपजत ज्ञानापुढे पुस्तकी विद्या कशी फिकी पडते, यावर दोन वाक्ये लिहावीत. परंतु प्रकरण तेथे संपले नाही, याचे कारण माझा पुतण्या हा गुणग्राही माणूस आहे.

"बाबा, तुम्ही काय केलं, कळलं का तुम्हाला?" तो हर्षभराने म्हणाला, आणि त्याने त्या भल्या माणसास सांगितलेही. डावा हात कसा अचूक पालथा झाला. उजवे कोपर कसे बरगडीसमोर राहून जमिनीकडे वळले. गोफण फिरविताना हीच क्रिया नित्य घडत असल्यामुळे ती कशी अंगात मुरलेली आहे, आणि गोफणीचा बंद अंगठ्यातून सोडण्याच्या क्षणी कोपर खांद्याच्या पुढे असते की मागे, हा प्रश्न किती महत्त्वाचा आहे. सालगडी आपल्या कोपराकडे पाहत राहिला. साठ वर्षे ते त्याच्याजवळ होते, परंतु त्याच्याविषयी कोणी चौकशी केल्याचा हा पहिलाच प्रसंग. त्याने ते दुमडून पाहिले, उलगडून पाहिले, दुसऱ्या हाताने चाचपून पाहिले. मग दुसरा चेंडू मागितला. तो जागचा हलला नाही. तिसरा त्याच्या स्वतःच्या पायावर आला.

पुतण्या रविवारी पुण्यास परतला. जाताना एक जुनी काठी मला भेट देऊन गेला. तिचा उपयोग आता पत्नी उंचावरच्या शेंगा काढण्याकडे करते, आणि तिचा उजवा हात उताणा की पालथा, हे मी मुद्दाम पाहत नाही. सोमवारी सकाळी मी शेतावर गेलो तेव्हा ज्वारीवर भोरड्यांचा काळा-गुलाबी थवा निवांत बसला होता. माळ्यावर सालगडी उभा होता. गोफणीत ढेकूळ भरलेले होते, हात वर गेलेला होता, आणि तेथेच थांबला होता. मला पाहून त्याने मान न हलविता वरूनच विचारले:

"मालक, येवढं बगा बरं, माझं कोपर खाली हाय का भायेर?"